अनोळखी नावाची चेनसॉ पारखताना : डोल्मारच्या इतिहासातून

समजा, तुम्ही लाकूडतोडीच्या एखाद्या कंत्राटदाराकडे यंत्रांची जबाबदारी सांभाळत आहात. श्टील आणि हुस्कवार्ना ही दोन नावे तोडकामातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतात. पण विक्रेता तुमच्यासमोर तिसऱ्याच नावाची चेनसॉ ठेवतो. किंमत कमी आहे, कागदावरचे आकडे चांगले आहेत. घ्यावी की नाही?

हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा पहिले उत्तर बहुतेक वेळा अश्वशक्तीचे येते, दुसरे वजनाचे. दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण पुरेशी नाहीत. चेनसॉ ही घरी वर्षातून दोनदा बाहेर काढायची वस्तू असेल तर फारसे काही बिघडत नाही. व्यावसायिक तोडकामात मात्र तीच करवत एका माणसाच्या हातात रोज काही तास असते. ती बंद पडली तर त्याचा दिवस बुडतो, ती चुकीची निवडली तर त्याची बोटे कायमची बधिर होऊ शकतात. म्हणून या टिपणात आपण एका खऱ्या कंपनीच्या इतिहासातून ही पारख कशी करायची ते पाहू. ती कंपनी म्हणजे जर्मनीतील डोल्मार. पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉचा व्यवसाय जिने सुरू केला, तीच पुढे 'तिसरे नाव' कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात मायनिंगेन या गावाजवळ डोल्मार नावाचा ७३९ मीटर उंचीचा डोंगर आहे. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी आपल्या पेट्रोल चेनसॉची चाचणी तिथे घेतली आणि कंपनीला त्या डोंगराचेच नाव दिले. 'टाइप ए' नावाचे हे यंत्र ८ अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन ५८ किलो होते. आजच्या अर्थाने तिला हातातली करवत म्हणणे कठीणच आहे. एक माणूस इंजिनाच्या बाजूला, दुसरा बारच्या टोकाला, आणि मध्ये झाड. त्याच सुमारास आंद्रेआस श्टील यांचेही काम चालू होते. त्यांची १९२६ ची करवत विजेवर चालणारी होती, तर १९२९ ची पेट्रोलवर चालणारी करवत ६ अश्वशक्तीची आणि सुमारे ४६ किलो वजनाची होती. 'पहिली कोण' या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही. दोन्ही कंपन्या एकाच देशात, एकाच दशकात, एकाच अडचणीशी झगडत होत्या, एवढे लक्षात ठेवा. लाकूड कापण्याची शक्ती यंत्रात होती, पण यंत्र उचलून झाडापर्यंत नेण्याची शक्ती माणसाला लावावी लागत होती.

पुढच्या तीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः वजन उतरवण्याचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन करवती अमेरिका-कॅनडाच्या बाजारात येणे थांबले आणि तिथल्या उत्पादकांना मोकळे मैदान मिळाले. मॅकलक या अमेरिकन कंपनीने १९४९ मध्ये २५ पौंडांची, म्हणजे साधारण साडेअकरा किलोची करवत आणली. मॉडेलचे नाव ३-२५ होते. हलक्या मिश्रधातूंची ओतीव अंगे हे वजन उतरण्याचे एक कारण. दुसरी सुधारणा कमी चर्चेत येते, पण माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. ती म्हणजे कार्बोरेटरची. जुन्या फ्लोट कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखत असे, त्यामुळे इंजिन उभेच धरावे लागे. करवत आडवी करायची झाली तर बार तेवढा वळवायचा, इंजिन तसेच ठेवायचे, असला खटाटोप करावा लागे. डायफ्रॅम कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळाच नाही. एक लवचीक पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर पेट्रोल ओढतो. त्यामुळे करवत आडवी, तिरकी, उलटी कशीही चालू लागली आणि एका माणसाला झाड तोडून त्याच्या फांद्याही छाटता येऊ लागल्या. १९५९ ची श्टील काँट्रा ही त्या काळातली मानदंड ठरलेली करवत. तिच्यात गिअर काढून टाकून साखळी थेट इंजिनाच्या वेगाने फिरवली होती. ६ अश्वशक्ती आणि वजन सुमारे १२ किलो.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. लाकूड कापते ती साखळी, इंजिन नव्हे. आणि साखळीचा इतिहास करवत बनवणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासापेक्षा वेगळ्या वाटेने गेला आहे. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे, सरळ ओरखडे काढणारे होते. ते लवकर बोथट होत आणि त्यांना कानस मारण्यात बराच वेळ जाई. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात जोसेफ बुफोर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती जबड्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, लाकडाच्या धाग्यांसोबत आणि धाग्यांच्या आडवेही कापत जात होती. त्यावरून त्याने डावा-उजवा असे वळवलेले दात असलेली साखळी तयार केली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये आपली कंपनी काढली. आजही जगभरच्या साखळ्यांचे मूळ रूप तेच आहे.

याचा पारखण्याशी संबंध असा, की श्टीलसारखा स्वतःची साखळी बनवणारा उत्पादक सोडला तर अनेक कंपन्या साखळी बाहेरून घेतात. मग दोन करवतींची तुलना करताना एकीवर नवी, धारदार साखळी आणि दुसरीवर महिनाभर वापरलेली साखळी असेल, तर तुम्ही करवतींची तुलना करतच नाही. तुम्ही कानशीची तुलना करत आहात. चाचणीत दोन्हींवर एकाच पिचची, एकाच प्रकारची, नवी साखळी असली पाहिजे. पिच मोजायला सोपे आहे. लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या रिव्हेटमधले अंतर घ्या आणि दोनाने भागा. लाकूडही तेच हवे, जे तुम्हाला कापायचे आहे. युरोपातल्या जाहिरातीत करवत बहुधा मऊ, ओल्या सूचिपर्णी लाकडावर चालताना दिसते. सागात सिलिका असते आणि ती धार भराभर खाते. चंद्रपूर-बल्लारपूरच्या सागावर घेतलेली चाचणी आणि स्प्रूसवर घेतलेली चाचणी यांचे निकाल एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

आता कंपनाकडे वळू. चेनसॉच्या इतिहासातला सर्वांत दुःखद आणि अभियंत्यांनी सर्वांत उशिरा गांभीर्याने घेतलेला भाग हा आहे.

एका सिलिंडरचे इंजिन मुळातच असंतुलित असते. पिस्टन वर-खाली जातो, त्याचे जडत्वबल क्रँकवरच्या प्रतिभाराने पूर्ण नाहीसे करता येत नाही. प्रतिभार वाढवला तर उभे कंपन कमी होते आणि आडवे वाढते. हे बल किती असते, ते स्वतः काढून पाहा. पिस्टनचा प्रवास ३७ मिलिमीटर आहे, म्हणजे क्रँकची त्रिज्या १८.५ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत आहे, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला सुमारे १,०४७ रेडियन. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या केले की प्रवेग सेकंदवर्गाला सुमारे २०,००० मीटर येतो, म्हणजे गुरुत्वाच्या दोन हजार पट. पिस्टनच्या वजनातल्या प्रत्येक १० ग्रॅममागे सुमारे २०० न्यूटन बल, सेकंदाला १६७ वेळा उलटसुलट. हे सगळे जुन्या करवतीत थेट मुठीत उतरत असे.

परिणाम असा, की १९६० च्या दशकात स्वीडन, ब्रिटन, जपान अशा देशांतल्या वनकामगारांमध्ये 'पांढऱ्या बोटां'चा विकार मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. थंडीत बोटांतला रक्तप्रवाह आक्रसतो, बोटे खडूसारखी पांढरी पडतात, स्पर्श कळेनासा होतो. पुढच्या टप्प्यावर शर्टाची गुंडीही लावता येत नाही. जपानच्या सरकारी वनांत त्या दशकाच्या अखेरीस दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त चेनसॉ चालवू नये असे बंधन घालावे लागले. त्यामागे कामगार संघटनांचा मोठा रेटा होता, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा गाळले जाते. काँट्राला १९६४ मध्ये कंपनरोधक मूठ मिळाली. इंजिन-बार हा एक भाग आणि मुठी-टाकी हा दुसरा, त्यांच्यामध्ये रबराचे तुकडे, अशी ही रचना पुढे सर्वत्र रूढ झाली. नंतर रबराच्या जागी अनेक ठिकाणी स्प्रिंगाही आल्या.

डोल्मारने याच प्रश्नाचे एक वेगळेच उत्तर शोधून पाहिले. तोवर ही कंपनी फिख्टेल उंड साक्स या समूहाशी जोडली गेली होती आणि यंत्रांवर 'साक्स-डोल्मार' असे नाव येत होते. साक्सकडे वांकेल, म्हणजे रोटरी इंजिनाचे ज्ञान होते. त्यातून १९७० च्या दशकात केएमएस ४ ही रोटरी इंजिनाची चेनसॉ आली. तिच्यात वर-खाली जाणारा पिस्टनच नाही. त्रिकोणी रोटर गोल फिरतो आणि त्याचे असंतुलन प्रतिभाराने जवळजवळ पूर्ण मिटवता येते. म्हणजे रोग झाकण्याऐवजी त्याचे मूळच काढायचे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कल्पना देखणी होती. पण रोटरच्या टोकांवरचे सील, उष्णता, बनवण्याचा खर्च या बाबतीत दोन-स्ट्रोकचे साधे इंजिन फार पुढे होते. मुठीतले रबर स्वस्त होते आणि पुरेसे होते. केएमएस ४ आज संग्राहकांच्या कपाटात आहे.

तुम्ही आज करवत पारखाल तेव्हा माहितीपत्रकात दोन्ही मुठींचे कंपनमूल्य शोधा. ते मीटर प्रति सेकंदवर्ग या एककात असते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाला समतुल्य कंपन २.५ झाले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ ही मर्यादा ओलांडायचीच नाही. समतुल्य मूल्य काढताना मुठीवरचे कंपन घ्यायचे आणि त्याला (प्रत्यक्ष तास भागिले ८) याच्या वर्गमुळाने गुणायचे. मुठीवर ५ असेल आणि करवत दोन तास चालत असेल तर पाव भागाचे वर्गमूळ अर्धा, म्हणून २.५. मुठीवर १५ असलेली जुनी करवत त्याच दोन तासांत ७.५ वर नेऊन ठेवते. म्हणजे जपानची दोन तासांची मर्यादासुद्धा तिच्यासाठी अपुरी ठरली असती. अश्वशक्तीतल्या दहा टक्क्यांपेक्षा हा फरक मला कितीतरी मोठा वाटतो. आणि हे आकडे नव्या यंत्राचे असतात. रबर वर्षानुवर्षांत कडक होते किंवा फाटते, म्हणून ते बदलून मिळते का, हेही विचारायचे.

साखळीच्या ब्रेकबद्दल थोडक्यात सांगतो. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की करवत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. श्टीलने १९७२ मध्ये क्विकस्टॉप हा ब्रेक आणला आणि त्या दशकात असे ब्रेक इतर उत्पादकांकडेही आले. आता तो जडत्वावरही चालतो, मनगट ढालीला टेकले नाही तरी उसळीच्या झटक्यानेच साखळी अडते. तपासायची रीत अशी : इंजिन बंद ठेवून, मागची मूठ धरून, बारचे टोक चाळीसेक सेंटीमीटरवरून एखाद्या ओंडक्यावर पडू द्यायचे. ब्रेक लागला पाहिजे. लागला नाही तर पुढची चर्चा करायचे कारण नाही.

आता डोल्मारच्या शेवटच्या अध्यायाकडे येऊ. १९९१ मध्ये मकिता या जपानी कंपनीने साक्स-डोल्मार विकत घेतली. आपल्याकडे मकिता ड्रिल आणि ग्राइंडरमुळे ओळखीची आहे. मकिताने हँबुर्गचा कारखाना चालू ठेवला आणि तीच यंत्रे दोन नावांनी विकली. लालसर-नारिंगी रंगात डोल्मार, निळसर रंगात मकिता. या शतकाच्या सुरुवातीला तिथून पीएस-६४००, ७३०० आणि ७९०० अशी तीन भावंडे बाहेर पडली. तिघांचा क्रँककेस आणि पिस्टनचा ३७ मिलिमीटरचा प्रवास एकच. फरक सिलिंडरच्या व्यासाचा : ४७, ५० आणि ५२ मिलिमीटर. घनफळ तुम्हीच काढा. ६४.२, ७२.६ आणि ७८.६ घनसेंटीमीटर येईल, आणि मॉडेलचे आकडे कुठून आले तेही कळेल. ७९०० ची शक्ती ६.३ अश्वशक्ती आणि बार-साखळीशिवाय वजन साधारण ६.३ किलो, म्हणजे किलोमागे एक अश्वशक्ती. टाइप ए ची हीच संख्या काढली तर ०.१४ येते. पंचाहत्तर वर्षांत सातपट.

या करवतीचे मूल्यमापन अमेरिकेत मोठ्या गमतीशीर रीतीने झाले. होम डेपो या दुकानसाखळीच्या भाड्याच्या विभागात मकिताच्या निळ्या, ६४ सीसीच्या करवती असत. भाड्याचे यंत्र म्हणजे ज्याला त्याची पर्वा नाही अशा शेकडो हातांतून गेलेले यंत्र. काही काळाने दुकान ती स्वस्तात विकून टाकी. जाणकार लोक ती विकत घेत, उघडत, आणि त्यांना दिसे की क्रँक आणि बेअरिंगे शाबूत आहेत. मग ते त्यावर ७९०० चा सिलिंडर-पिस्टन चढवत आणि थोड्या पैशांत मोठी करवत हातात येई. विचार करा, यापेक्षा कठोर टिकाऊपणाची चाचणी कोणती प्रयोगशाळा घेईल? अनोळखी ब्रँडची नवी करवत चकचकीत अवस्थेत पाहण्यापेक्षा तिचीच भाड्याने झिजलेली बहीण उघडून पाहणे जास्त शिकवते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का, हवेच्या गाळणीमागे भुसा शिरला आहे का, क्रँक हाताने वर-खाली हलतो का. या तीन ठिकाणी सगळे दिसते.

मग इतकी चांगली करवत 'तिसरे नाव' का राहिली? माझे मत असे की उत्तर यंत्रात नाही, विक्रीत आहे. श्टीलने दुरुस्ती करू शकणाऱ्या विक्रेत्यांमार्फतच करवती विकायचे धोरण दीर्घकाळ धरून ठेवले. त्यामुळे जंगलाजवळच्या छोट्या गावातही एक माणूस असा असे, ज्याच्याकडे त्याच दिवशी सुटा भाग मिळे. डोल्मारकडे तेवढे दाट जाळे नव्हते, आणि दोन नावे, दोन रंग यांमुळे गिऱ्हाइकाच्या मनात एकही नाव पक्के बसले नाही. स्वीडनच्या योनसेरेडचे असेच झाले. १९५० च्या दशकात तिची 'राकेट' करवत उत्तर युरोपच्या जंगलात नावाजलेली होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती हुस्कवार्नासोबत इलेक्ट्रोलक्सच्या छत्राखाली गेली, हळूहळू हुस्कवार्नाचीच लाल रंगातली बहीण उरली, आणि अलीकडे ते नावही मागे घेतले गेले.

डोल्मारचे नावही मकिताने मिटवले. त्यानंतर मकिताने बॅटरीवरच्या यंत्रांकडे पूर्ण वळायचे ठरवले आणि ३१ मार्च २०२२ रोजी इंजिनावर चालणाऱ्या यंत्रांचे उत्पादन थांबवले. लेर्प यांच्या डोंगरावरच्या चाचणीला तेव्हा पंचाण्णव वर्षे होत होती.

२०२१ मध्ये ज्या कंत्राटदाराने ७९०० घेतली, त्याने वाईट यंत्र घेतले का? शक्ती, वजन, कंपन, टिकाऊपणा, कुठेही ती उणी नव्हती. पण या चारही गोष्टी यंत्र समोर ठेवून मोजता येतात. दहा वर्षांनी सुटे भाग कोण देईल, हे कोणत्याही मोजपट्टीने कळत नाही. त्यासाठी कंपनीची मालकी किती वेळा बदलली, मूळ कंपनीचा खरा नफा कोणत्या वस्तूत आहे, तेच यंत्र किती नावांनी विकले जाते, हे पाहावे लागते. ड्रिल आणि बॅटऱ्या विकून मोठी झालेली कंपनी पेट्रोल करवतीला किती काळ जपेल, हा प्रश्न १९९१ नंतर कधीही विचारता आला असता.

म्हणून अनोळखी करवतीसमोर बसलात की तिचे भाग दोन ढिगांत वाटा. साखळी, बार, स्पार्क प्लग आणि बहुतेकदा कार्बोरेटर हे भाग स्वतंत्र उत्पादकांचे असतात. करवतीची कंपनी बुडाली तरी ते मिळत राहतील. सिलिंडर-पिस्टन, इग्निशन कॉइल, साखळीला तेल देणारा पंप, क्लचचा ड्रम आणि मुठीची रबरे हे त्या कंपनीचेच. विक्रेत्याला या दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक भागाची किंमत विचारा, आणि आज दुकानात कोणता आहे तो काउंटरवर ठेवायला सांगा. जे भाग तिथे नसतील, त्यांचा एकेक नग करवतीच्या किमतीत मिळवा आणि मगच ती खरोखर स्वस्त आहे का ते ठरवा. वीस करवतींच्या ताफ्याला दोन कॉइल, एक पंप आणि रबरांचे चार संच पहिल्याच दिवशी कपाटात ठेवायला लागणारा पैसा हा त्या करवतींच्या किमतीचाच भाग आहे.